घोडा का खोकला?

रायपुरात लग्नसराई सुरू झाली की संध्याकाळचे रस्ते वरातींच्या ताब्यात जातात. पुढे बँड, त्याच्या दोन्ही अंगांना दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेतलेली माणसं, आणि शेवटी गोंडे-झालर ल्यालेली पांढरी घोडी. वरातीतल्या कुणालाही विचारा: बँड कुठला, आचारी कोण, नवरी कुणाकडची, सगळी माहिती मिळेल. घोडीला शेवटची लस कधी टोचली, हे मात्र नवरदेवाला ठाऊक नसतं आणि नवरदेवाच्या बापालाही नसतं. ती अधूनमधून ठसकत असली तरी बँडच्या आवाजात ते ऐकू येत नाही.

खरं तर या भूमीत मराठी माणूस आला तोच घोड्यावर बसून. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर घोडदळासह छत्तीसगडात उतरले. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून इथला कारभार पाहिला. त्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान सरकारचं. शिलेदाराचा मेला तर त्याची रोजीच बुडाली. आजचा घोडीवाला, माथेरानचा घोडेवाला, वीटभट्टीवर खेचर हाकणारा ही सगळी शिलेदारांचीच जात. त्यांचं जनावर खोकू लागलं की त्यांच्या घरातली चूल खोकू लागते.

आपल्याकडे एक जुनं कोडं आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. या कोड्यात चौथा प्रश्न घालायला हरकत नाही. घोडा लस टोचूनही का खोकला? उत्तर बदलत नाही. लसही फिरवावी लागते. घोड्यांच्या विषाणूंवर लस बनवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या शंभर वर्षांच्या कामाचं सार या तीन शब्दांत सापडतं.

सर्दी दिसते, साथ असते

घोड्यांना होणारा इन्फ्लुएन्झा म्हणजे अश्व-फ्लू. विषाणू शरीरात शिरला की एक ते तीन दिवसांत घोडा तापतो. ताप ४१ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतो. मग कोरडा, खडखडीत खोकला, नाकातून पाणी, चारा नको, चालायला नको. खोकल्यातून उडालेले तुषार दूरवर जातात आणि एकाच तबेल्यातली सगळी जनावरं दोन-चार दिवसांत खोकू लागतात. धडधाकट घोडा सहसा मरत नाही. पण आजारी घोड्याला कामाला जुंपलं तर न्यूमोनिया होतो, हृदयाला इजा पोहोचते. शिंगरं आणि गाढवं यांना तर हा रोग अधिक जड जातो.

या खोकल्यात केवढी ताकद आहे, ते उत्तर अमेरिकेने १८७२ मध्ये पाहिलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुमारास कॅनडातल्या टोरांटोच्या आसपास घोडे खोकू लागले आणि काही महिन्यांत साथ जवळजवळ सगळ्या खंडावर पसरली. तेव्हा मोटार नव्हती. ट्राम घोड्याची, दूध घोड्यावर, कोळसा घोड्यावर, आगीचे बंबसुद्धा घोड्यांचे. ९ नोव्हेंबर १८७२ ला बॉस्टन शहराला मोठी आग लागली, तेव्हा बंब ओढायला पुरेसे घोडे उभे राहू शकत नव्हते. माणसांनी ते दोरांनी ओढत नेले. आज एखाद्या शहरातलं सगळं पेट्रोल एका रात्रीत संपावं, तशी ती अवस्था होती.

विषाणू हाती लागायला मात्र पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं गेली. १९५६ साली प्राग शहरात घोड्यांच्या फ्लूचा पहिला विषाणू वेगळा करता आला. शास्त्रीय भाषेत तो एच७एन७. दुसरा, एच३एन८, १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मायामीत मिळाला. पहिला १९८०च्या सुमारापासून कुठे सापडलेला नाही. दुसरा अजून जगभर फिरतो आहे. फिरता फिरता त्याने २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या कुत्र्यांनाही गाठलं.

लुधियाना ते कटरा

भारतात हा विषाणू १९८७ साली आला. उत्तरेकडे घोडे, खेचरं, गाढवं झपाट्याने आजारी पडली. पी. के. उप्पल, एम. पी. यादव आणि एम. एस. ओबेरॉय यांनी आजारी घोड्यांतून विषाणू वेगळा केला आणि तो एच३एन८ असल्याचं १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं. या वाणाला नाव पडलं लुधियाना/८७. विषाणूंची नावं अशीच ठेवली जातात: कुठे मिळाला आणि कोणत्या साली. पासपोर्टवर जन्मगाव आणि जन्मसाल असावं, तसं.

त्याच सुमारास हरियाणातल्या हिसारला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र उभं राहत होतं. घोडा, गाढव, खेचर यांच्या आजारांना वाहिलेली ही देशातली प्रमुख संस्था. तिथल्या शास्त्रज्ञांनी लुधियाना/८७ हाच वाण घेऊन भारतीय लस तयार केली. बाहेरची लस विकत घेता आली असती. पण परदेशी वाणाची लस म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. इथल्या घोड्याला इथल्या विषाणूची ओळख करून द्यायला इथलाच नमुना लागतो.

पुढे वीस वर्षं शांततेत गेली. मग जून २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्यात घोडे खोकू लागले. कटरा म्हणजे वैष्णोदेवीच्या चढणीचा पायथा. भाविकांना आणि सामानाला वर नेणारी शेकडो घोडी-खेचरं तिथे रोज खांद्याला खांदा लावून उभी असतात. श्वासातून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा कुठली? तिथून साथ पसरत ११ राज्यांत गेली. डिसेंबर २००८ मध्ये म्हैसूरच्या घोड्यांत आणि जानेवारी २००९ मध्ये अहमदाबादच्या घोड्यांत हाच विषाणू सापडला. डोंगरातल्या खेचरापासून दक्षिणेतल्या शर्यतीच्या घोड्यापर्यंत त्याने सगळे एका रांगेत आणले.

हिसारच्या नितीन विरमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा पाठलाग केला. आजारी जनावरांच्या नाकातले नमुने गोळा झाले. वरवर निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या रक्ताचे हजारो नमुने अनेक राज्यांतून तपासले गेले. विषाणूच्या जनुकांचा क्रम लावल्यावर कळलं, की लुधियाना/८७ परत आलेला नाही. हा विषाणू अमेरिकी घराण्यातल्या फ्लोरिडा शाखेचा, तिच्याही दुसऱ्या फांदीचा, आणि त्याचे जवळचे भाऊबंद त्याच सुमारास मंगोलिया आणि चीनमध्ये सापडत होते.

मग हिसारच्या शास्त्रज्ञांनी जुना वाण बाजूला ठेवला आणि कटरा/२००८ हा नवा वाण लसीत घेतला. लस फिरवली, ती अशी.

अंड्यातून बाटलीत

ही लस बनते कशी? सुरुवात होते आजारी घोड्याच्या नाकात फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यापासून. तो नमुना थंड पेटीतून प्रयोगशाळेत येतो. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात, म्हणून तो कोंबडीच्या फलित अंड्यात सोडतात. नऊ ते अकरा दिवस उबवलेलं अंडं यासाठी योग्य. टरफलाला बारीक छिद्र पाडून नमुना आत टोचायचा, छिद्र मेणाने बंद करायचं आणि दोन-तीन दिवस उबवणी यंत्रात ठेवायचं. विषाणू गर्भाभोवतालच्या पाण्यात भरमसाट वाढतो.

तो वाढला की नाही, हे तपासण्याची युक्ती छान आहे. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात. त्यांतलं एक, हिमॅग्लुटिनिन, रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटतं. अंड्यातलं पाणी आणि तांबड्या पेशी एकत्र केल्या की पेशींची जाळी बनते. विषाणू नसेल तर पेशी तळाशी लाल ठिपका होऊन बसतात. जाळी दिसली, तर विषाणू आहे. याच चाचणीत घोड्याच्या रक्तातला पाणीदार भाग, म्हणजे सीरम, मिसळलं आणि जाळी बनायची थांबली, तर समजावं की घोड्याकडे संरक्षक प्रतिपिंडं आहेत. एवढ्या साध्या चाचणीवर साथीचा आणि लसीचा निम्मा अभ्यास उभा आहे.

वाढलेला विषाणू रसायनाने मारतात. त्याचा आकार टिकला पाहिजे, जीव मात्र गेला पाहिजे. घोड्याच्या प्रतिकारशक्तीला हा चोराचा फोटो दाखवण्याचा प्रकार. खरा चोर घरात आणण्याची गरज नाही. नुसत्या मेलेल्या विषाणूकडे शरीर फारसं लक्ष देत नाही, म्हणून लसीत सोबत एक चेतवणारं द्रव्य घालतात. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची लापशी हे त्यातलं जुनं, भरवशाचं द्रव्य. पहिल्या डोसनंतर चार ते सहा आठवड्यांनी दुसरा, मग सहाएक महिन्यांनी तिसरा, आणि पुढे ठरावीक काळाने उजळणी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्यांना दर सहा महिन्यांच्या आसपास डोस घ्यावाच लागतो, नाहीतर प्रवेश नाही.

फोटो जुना झाला की

चोराच्या फोटोची अडचण अशी, की चोर दाढी वाढवतो. फ्लूचा विषाणू स्वतःच्या जनुकांची नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. हजारो चुकांतली एखादी त्याच्या पथ्यावर पडते. हिमॅग्लुटिनिनचा आकार किंचित बदलतो आणि जुनी प्रतिपिंडं त्याला नीट पकडू शकत नाहीत. माणसांच्या फ्लूपेक्षा घोड्यांच्या फ्लूत हा बदल सावकाश होतो. पण सावकाश म्हणजे होतच नाही, असं नाही.

इंग्लंडमधलं न्यूमार्केट हे शर्यतीच्या घोड्यांचं मोठं केंद्र. २००३ साली तिथले लस घेतलेले घोडे खोकू लागले. कारण शोधल्यावर फ्लोरिडा शाखेचा विषाणू सापडला, आणि लसीतले वाण होते जुने. घोडेवाल्यांनी लस वेळेवर टोचली होती, डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या होत्या. चूक कुणाची? न फिरवलेल्या लसीची.

यासाठीच जागतिक पशुआरोग्य संघटनेची तज्ज्ञ समिती जगभरातून आलेले विषाणूंचे नमुने पडताळून लसीत कोणता वाण असावा ते सुचवते. २०१० पासून तिची शिफारस आहे, की फ्लोरिडा शाखेच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही फांद्यांचे वाण लसीत हवेत. शिफारस कागदावर येते आणि कंपनीच्या बाटलीत उतरायला वर्षं लागतात. नवा वाण वाढवून पाहणं, त्याच्या चाचण्या, परवाने यांत वेळ जातो आणि खर्चही होतो. मधल्या काळात विषाणू थांबून राहत नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याच्या उलट. तिथे घोड्यांचा फ्लू कधीच नव्हता. ऑगस्ट २००७ मध्ये बाहेरून आलेल्या घोड्यांबरोबर तो शिरला आणि हजारो घोडे आजारी पडले. त्यांनी जनावरांची ने-आण कडकपणे बंद केली आणि एक वेगळीच लस वापरली. कॅनरी पक्ष्यांच्या देवीचा निरुपद्रवी विषाणू घेऊन त्यात फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनचं जनुक बसवलेलं होतं. फायदा असा, की लस घेतलेल्या घोड्याच्या रक्तात फक्त त्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं दिसतात आणि रोग झालेल्याच्या रक्तात विषाणूच्या इतर भागांविरुद्धही. त्यामुळे कोण टोचलेला आणि कोण आजारून उठलेला हे ओळखता येतं. त्या वर्षअखेरपर्यंत साथ संपली आणि देश पुन्हा फ्लूमुक्त झाला.

परळ, १९६०

मराठी मुलखाने घोड्यांच्या विषाणूचा सर्वांत भीषण चेहरा पाहिला तो फ्लूच्या कितीतरी आधी. १९५९ मध्ये ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’ नावाचा रोग आफ्रिकेतून मध्यपूर्वेत निसटला आणि इराण, पाकिस्तान पार करत १९६० साली भारतात पोहोचला. १९५९ ते १९६१ या काळात या साथीने मध्यपूर्व आणि दक्षिण आशियातली तीन लाखांहून अधिक जनावरं मारली. यात ताप चढतो, डोळ्यांवरचे खळगे सुजून भरून येतात, फुप्फुसात पाणी होतं आणि नाकातून फेस येऊ लागतो. रोगाच्या तीव्र प्रकारात दहांतले नऊ घोडे मरतात.

मुंबईत परळला १८८६ पासून चालणारं पशुवैद्यक महाविद्यालय होतं. तिथल्या गोऱ्हे, खोत, परांजपे आणि मांजरेकर यांनी १९६०-६१ च्या या साथीची निरीक्षणं महाविद्यालयाच्या नियतकालिकात १९६५ मध्ये नोंदवून ठेवली. या रोगावरच्या जागतिक संदर्भसूच्यांत आजही त्या लेखाचा उल्लेख सापडतो. टांगे अजून चालू होते, महालक्ष्मी आणि पुण्याला शर्यती होत्या, त्या काळातलं हे साक्षीपत्र.

हा विषाणू श्वासातून पसरत नाही. क्युलिकॉइडीस नावाची, चिलटासारखी बारीक चावरी माशी तो वाहून नेते. शिवाय त्याचे नऊ प्रकार आहेत, आणि एका प्रकारावरची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालेलच असं नाही. आपल्याकडे आला तो नववा. लस बनवणाऱ्यापुढे फ्लूपेक्षा वेगळी अडचण उभी राहते: इथे एका चोराचे नऊ भाऊ आहेत आणि प्रत्येकाचा फोटो वेगळा.

यावरच्या लसीची वाट दक्षिण आफ्रिकेतल्या ऑन्डरस्टेपुर्ट या संस्थेने शोधली. अरनॉल्ड थायलर या पशुवैद्याने १९०८ मध्ये तिची स्थापना केली होती. त्यांचा मुलगा मॅक्स अमेरिकेत गेला आणि १९३० साली त्याने दाखवून दिलं, की माणसाच्या पीतज्वराचा विषाणू उंदराच्या मेंदूत वाढवता येतो. हीच युक्ती वडिलांच्या जुन्या संस्थेतल्या रेमंड अलेक्झांडर यांनी घोड्यांच्या रोगासाठी उचलली. एका उंदराच्या मेंदूतून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या, असा विषाणू पुनःपुन्हा फिरवत नेला. उंदराच्या मेंदूला सरावता सरावता तो घोड्याला मारायचं विसरला, पण त्याची ओळख पटवण्यापुरता तोच राहिला. अशी झाली जिवंत, सौम्य केलेली लस. मॅक्स थायलरला पीतज्वराच्या लसीसाठी १९५१ चं नोबेल मिळालं. फिरवण्याचा हा दुसरा अर्थ: फ्लूच्या लसीत वाण बदलण्यासाठी फिरवायचं, इथे विषाणूचे दात बोथट करण्यासाठी.

जिवंत लसीला किंमत मोजावी लागते. दक्षिण आफ्रिकेत आजही ही लस दोन बाटल्यांत येते आणि दोन्ही मिळून नऊपैकी सातच प्रकार असतात. उरलेल्या दोघांना त्यांच्या जवळच्या प्रकारांच्या ओळखीवर भागवून न्यावं लागतं. शिवाय सौम्य केलेला विषाणू शेवटी जिवंतच; माशीमार्फत तो दुसऱ्या घोड्यात जाऊ शकतो, दोन वाणांचे तुकडे एकत्र येऊन नवा विषाणू बनू शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या काही साथींचं मूळ लसीतल्या वाणांतच सापडलं. म्हणून रोगमुक्त देश ही लस सहजी वापरत नाहीत.

भारतात १९६३ नंतर हा रोग नोंदला गेलेला नाही आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या रोगमुक्त देशांच्या यादीत आपलं नाव आहे. पण निर्धास्त राहता येत नाही. २०२० मध्ये थायलंडमध्ये तो अचानक उगवला आणि पाचशेहून अधिक घोडे गेले. थायलंड आपल्यापासून फार दूर नाही, आणि क्युलिकॉइडीस माशा भारतभर आहेत.

लपणारा आणि न सापडणारा

विषाणूंच्या स्वभावाप्रमाणे लसीचा स्वभाव ठरतो. घोडीचा गर्भ अकरा महिन्यांचा. अश्व-नागीण विषाणूने तिला गाठलं तर बहुधा शेवटच्या काही महिन्यांत गर्भपात होतो. घोडी आदल्या दिवशी ठणठणीत असते आणि दुसऱ्या दिवशी मेलेलं शिंगरू पडलेलं दिसतं. हा विषाणू वेश बदलत नाही, लपून बसतो. एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठींत आणि पांढऱ्या पेशींत दडी मारतो, आणि ताण आला की, लांबचा प्रवास झाला की, पुन्हा बाहेर येतो. हिसारच्या केंद्राने भारतीय वाणापासून यावर मृत विषाणूची लस तयार केली. तिचं नाव ‘इक्विहर्पाबॉर्ट’. गाभण घोडीला ती पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात टोचायची. ज्या काळात धोका येणार, त्याच्या आधी पहारा बसवायचा.

आणि एक शत्रू असा आहे, की आपल्याकडे त्याच्यावर अजून लसच नाही: अश्वांचा संसर्गजन्य पंडुरोग. हा माणसाच्या एड्सच्या विषाणूचा दूरचा नातलग. शरीरात शिरला की जन्मभर राहतो. तिथे उपाय एकच, चाचणी करून बाधित घोडा वेगळा काढणं. ती चाचणी लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० मध्ये शोधली. लस बनवणाऱ्यालाही कुठे हात टेकावे लागतात, हे या रोगाने दाखवलं आहे.

घोड्याचं देणं

घोड्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणाला वाटेल. त्याला उत्तर पुण्यात आणि परळला मिळेल. परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरचा उतारा घोड्याच्या रक्तापासून बनत आला आहे. घोड्याला थोडं थोडं विष देत जायचं. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं शेतात साप चावलेल्या माणसाचा जीव वाचवतात. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे याच कामासाठी हाफकिनला दिले जात. ते काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. जगातल्या लसींच्या मोठ्या कारखान्यांपैकी एकाची मुळं अशी घोड्याच्या तबेल्यात आहेत.

कधी घोड्याला टोचलं की माणूस वाचतो. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या हेन्ड्रा उपनगरात घोडे अचानक मेले आणि त्यांचा प्रशिक्षकही मेला. विषाणू वटवाघळांतून घोड्यात आणि घोड्यातून माणसात आला होता. २०१२ मध्ये त्यावर लस आली ती घोड्यांसाठी. साखळीतला मधला दुवा बंद केला, की टोकाचा माणूस सुरक्षित.

आणि घोड्यांवर शिकलेली विद्या गाईच्याही कामी आली. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने गुरं पटापट मरू लागली, तेव्हा हिसारच्या याच अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साथीने लस तयार केली. तिचं नाव ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’, आणि ती १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली. रांचीतल्या गुरांमधून २०१९ मध्ये घेतलेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत पन्नास वेळा फिरवून तो सौम्य केला होता. अलेक्झांडरने उंदरात केलं, तेच इथे पेशींच्या बाटल्यांत झालं. छत्तीसगडच्या गोठ्यातल्या गाईचं भलं चिंतणारी विद्या हरियाणातल्या तबेल्यातून आली, ती अशी.

बाटलीही फिरायला हवी

तरीही घोड्यांच्या लसीचं गाडं एका ठिकाणी अडतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाख भरले. २०१२ मध्ये ते ६.२५ लाख होते. गाढवं १.२४ लाख उरली, खेचरं ८४ हजार. म्हणजे सात वर्षांत निम्म्याच्या आसपास घोडे आणि त्याहून अधिक गाढवं-खेचरं गळाली. एवढ्या छोट्या आणि आटत चाललेल्या बाजारासाठी खाजगी कंपनी नवा वाण घेऊन नवी लस कशाला बनवेल? घोड्यांच्या लसीचं काम सरकारी प्रयोगशाळांकडे राहण्याचं कारण हेच. आणि तिथलं काम थांबलं तर पुढच्या कटऱ्यात कुणी नमुना घ्यायलाच जाणार नाही.

घोडे कमी झाले तरी त्यांच्या भेटीगाठी कमी झालेल्या नाहीत. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. नांदेडमधल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि गाढवं दुरून येतात. रायपूर-बिलासपूर-नागपूर पट्ट्यात लग्नाच्या घोड्या एका शहरातून दुसऱ्या शहरात ट्रकमधून फिरतात. विषाणूच्या दृष्टीने ही सगळी कटऱ्याची धाकटी भावंडं आहेत. म्हणून नवा घोडा आणला की दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळा ठेवावा. पाण्याची बादली, तोबरा, खरारा एकमेकांचा वापरू नये. एकाच तबेल्यात दोन-तीन जनावरं एकदम खोकू लागली तर सर्दी म्हणून सोडून न देता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. कारण त्या खोकल्याच्या नमुन्यातूनच पुढची लस बनणार असते.

आणि खोकणाऱ्या घोड्याला विश्रांती द्यावी. पशुवैद्यांचा साधा हिशेब आहे: ताप जितके दिवस, तितके आठवडे आराम, कमीत कमी तीन आठवडे. घोडीवाल्याला लग्नसराईत हे परवडत नाही, हे खरं. पण तीन आठवडे बुडाले तर हंगाम बुडतो. आजारी घोडी पळवली तर घोडीच बुडते.

वाचकांना एवढीच विनंती. घरच्या लग्नासाठी घोडी ठरवताना भाव करा, झालर कुठल्या रंगाची ते विचारा; आणि त्याबरोबर हेही विचारा, की घोडीला लस कधी टोचली होती. दहा जणांनी विचारलं की घोडीवाला लस टोचून घेईल, कागद जपून ठेवील आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवील. आणि वरातीच्या दिवशी घोडी खोकत असेल, तर नवरदेवाने चालत जावं.